तोंड वाकडं झालं तर: पहिल्या तासापासून पहिल्या वर्षापर्यंत काय करायचं

चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. चहाचा घोट नीट घेता येत नाही. आरशात बघितलं की चेहऱ्याची एक बाजू उतरलेली दिसते, डोळा मिटत नाही, हसायला गेलं की तोंड दुसरीकडे ओढलं जातं. घरात लगेच तीन मतं पडतात. कुणी म्हणतं अटॅक आलाय. कुणी म्हणतं, काल एसटीत खिडकीशी बसला होतास, वारं लागलं. तिसरं कुणीतरी लकव्याचं औषध देणाऱ्याचा नंबर शोधत असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. असे पेशंट माझ्याकडे ‘करंट द्या’ म्हणत येतात, बहुतेकदा आठ-दहा दिवस उलटल्यावर. तोवर अनेकांच्या पोटात एकही कामाची गोळी गेलेली नसते आणि डोळा लाल झालेला असतो. हा लेख मुख्यतः त्या हातातून गेलेल्या दिवसांबद्दल आहे. माझं काम नंतरचं. त्याआधी दोन गोष्टी वेळेत व्हाव्या लागतात: पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू होणं आणि पहिल्या रात्रीपासून डोळा जपणं.

आधी ठरवा: मेंदूचं की नसेचं?

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस म्हणजे फेशियल नर्व्ह. डावीकडे एक, उजवीकडे एक. कपाळाच्या स्नायूंना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा थांबला तरी कपाळाला आठ्या पडतात, भुवई वर जाते. गाल आणि ओठ तेवढे उतरतात. खुद्द नसच बंद पडली असेल तर त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत राहतं आणि भुवई हलत नाही.

म्हणून पहिला आदेश हाच: ‘वर बघा, कपाळाला आठ्या घाला.’ दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या आणि तोंड वाकडं असेल, तर स्ट्रोक समजून हॉस्पिटल गाठा.

पण कपाळ हललं नाही म्हणून लगेच हुश्श करू नका. मेंदूच्या खालच्या भागातला, ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात तिथला स्ट्रोक क्वचित हुबेहूब नसेच्या लकव्यासारखा दिसतो. त्यामुळे आणखी चार गोष्टी बघायच्या. डोळे मिटून दोन्ही हात समोर दहा सेकंद धरता येतात का, की एक हात खाली घसरतो? सरळ चालता येतं का, की झोक जातो? एकाच्या दोन वस्तू दिसतात का? आणि बोलणं. नसेच्या लकव्यातही बोलणं बिघडतं, पण ते ओठांमुळे. प, फ, ब, भ, म ही अक्षरं हवा सुटल्यासारखी येतात. ‘भाकरी’ म्हणताना ओठ नीट मिटत नाहीत. शब्द मात्र बरोबर असतात, वाक्याला अर्थ असतो. शब्दच सापडत नसतील, भलतेच येत असतील, समोरच्याचं बोलणं कळत नसेल किंवा जीभच जड झाली असेल, तर तो मेंदूचा मामला.

यातलं काहीही असेल, किंवा नुसती शंका असेल, तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला ठीक झोपला आणि सकाळी सहाला असा उठला, तर डॉक्टरांना दहाची वेळ सांगायची. घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते.

उजेडात बसवून नीट बघा

स्ट्रोक नाही असं वाटलं की पुढची तपासणी शांतपणे करता येते. पेशंटला खिडकीसमोर बसवा आणि मोबाईलवर व्हिडिओ सुरू ठेवा. हा पहिल्या दिवसाचा व्हिडिओ पुढे फार उपयोगी पडतो, कारण रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आमच्याकडे हे संभाषण साधारण असं चालतं:

‘काका, आठ्या घाला. आता डोळे अलगद मिटा, झोपल्यासारखे. आता गच्च मिटा, डोळ्यात साबण गेलाय असं समजा. नाक आक्रसा. दात दाखवा. ओठ मिटून गाल फुगवा. शीळ घाला.’

‘शीळ? तीही या वयात?’

‘घाला हो, काकू काही म्हणणार नाहीत.’

ते हसतात, आणि मला खरं तर तेच बघायचं असतं. आदेशावर केलेलं हसू आणि आपसूक आलेलं हसू यांत कधीकधी फरक असतो. मेंदूच्या कारणात सांगून तोंड हलत नाही, पण खरोखर हसू आलं की थोडं हलू शकतं. नस बंद असली की दोन्ही वेळी सारखंच वाकडं.

डोळा मिटताना बुबुळ वर सरकतं आणि पांढरं दिसतं. नातेवाईक हे बघून घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. डोळे मिटताना बुबुळ बहुतेकांचं वर जातं, एरवी पापणीआड ते दिसत नाही. उलट बुबुळ वर जात असेल तर ते झोपेत थोडं झाकलेलं राहतं, ही जमेची बाजू.

आता कानाकडे. टॉर्च घेऊन कानाच्या पाळीवर, भोकाच्या तोंडाशी आणि टाळूवर बारीक पाण्याचे फोड आहेत का बघा. असतील, कान ठणकत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा गरगरत असेल, तर ही कानातली नागीण. तिला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं नसेत दडून बसतो आणि पुन्हा उठतो. फोड कधी लकव्यानंतर दोन-चार दिवसांनी येतात, त्यामुळे रोज एकदा कान बघत जा. नुसत्या लकव्यापेक्षा हा प्रकार जास्त हट्टी असतो.

कान वाहत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. जुना वाहता कान आणि त्यात तोंड वाकडं, म्हणजे कानातल्या सडणाऱ्या गाठीने हाड खाल्लेलं असू शकतं. मधुमेही माणसाचा कान रात्रंदिवस असह्य ठणकत असेल आणि मग तोंड वाकडं झालं, तर कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत जंतुसंसर्ग पोचला असण्याची शक्यता असते. तिथे घरगुती तेल कानात घालत बसणं फार महागात पडतं.

कानापुढे, गालाच्या मागच्या भागात गाठ लागते का तेही चाचपा. नस तिथल्या लाळग्रंथीतूनच जाते.

विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, आणखी एक गोष्ट न विसरता बघावी: गालावर किंवा डोळ्याभोवती फिकट अथवा लालसर, बधिर चट्टा. कुष्ठरोगात डोळा मिटणाऱ्या स्नायूंची नस लुळी पडते. तोंड फारसं वाकडं नसतं, पण डोळा उघडा राहतो. त्यातच बुबुळही बधिर झालं असेल तर कचरा गेलेला कळत नाही. याचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि वेळेत गेलं तर डोळा वाचतो.

शेवटचा प्रश्न वेळेचा. हे किती वेळात वाढलं? साधा नसेचा लकवा काही तासांत ते तीन दिवसांत पूर्ण वाढतो. तीन-चार आठवडे हळूहळू वाढत असेल, आधी एका बाजूचे स्नायू फडफडत होते असं सांगितलं, तर गाठीचा शोध घ्यावा लागतो. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील आणि पाय लुळे पडत असतील, तर गियाँ-बारे सिंड्रोमसाठी, म्हणजे अंगभरच्या नसा लुळ्या पाडणाऱ्या आजारासाठी, तातडीने भरती. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी उन्हाळ्यात असं झालं, तर गोचीड चावल्याचं किंवा अंगावर गोल लाल चट्टा उठल्याचं डॉक्टरांना जरूर सांगावं. तिकडे लाइम रोगाने असा लकवा होतो आणि त्याची औषधं वेगळी.

यातलं काहीच सापडलं नाही, तर उरते ती बेल्स पाल्सी.

बेल्स पाल्सी

स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडला, त्यांच्यावरून हे नाव पडलं. दर लाख माणसांत वर्षाला साधारण २० ते ३० जणांना हा त्रास होतो. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जास्त दिसतो.

फेशियल नर्व्ह मेंदूतून निघून कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून सुमारे तीन सेंटिमीटर जाते. बोगद्याची सगळ्यांत अरुंद जागा एक मिलिमीटरही रुंद नाही. नसेला सूज आली की तिथे फुगायला वाव नसतो, ती दबते आणि संदेश थांबतात. सूज का येते? ओठावर जर उठवणारा हर्पीसचा विषाणू नसेत पुन्हा जागा होतो, हे सध्याचं सगळ्यांत मान्य स्पष्टीकरण. वाऱ्याचं म्हणाल तर खिडकीशी रोज लाखो लोक बसतात. गार वाऱ्याने नस लुळी पडते असं सिद्ध झालेलं नाही, पण मफलर गुंडाळल्याने कुणाचं वाईटही होत नाही.

याच नसेच्या फांद्या जिभेच्या पुढच्या भागाला चव देतात आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूला आवर घालतात. म्हणून काहींना चव लागत नाही, भांडं पडल्याचा आवाज त्या कानात फार मोठा वाटतो, आणि कानामागे दुखतं. तिन्ही गोष्टी या आजारातल्याच आहेत.

कितपत गेलं आहे हे मोजायला १९८५ पासून हाउस-ब्रॅकमन श्रेणी वापरतात. एक म्हणजे नॉर्मल, सहा म्हणजे अजिबात हालचाल नाही. घरच्यांनी लक्षात ठेवण्याजोगी रेषा तीन आणि चारच्या मधली आहे: जोर लावून डोळा पूर्ण मिटतो तो तिसरा, जोर लावूनही फट राहते तो चौथा. चौथ्यापासून पुढे डोळ्याची चिंता दुप्पट.

पहिले ७२ तास

डेन्मार्कमध्ये पीटरसन नावाच्या डॉक्टरांनी २५ वर्षांत बेल्स पाल्सीच्या १,७०१ रुग्णांवर औषध न देता लक्ष ठेवलं. ७१ टक्के लोकांचा चेहरा पूर्ववत झाला, काही न करता. ही आनंदाची बातमी, आणि सगळ्या गोंधळाचं मूळही हेच. दहातले सात आपोआप बरे होत असतील, तर त्यांनी त्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. कुणी लकव्याचं तेल लावलं, कुणी कबुतराचं रक्त चोळलं, कुणी माझ्याकडे करंट घेतला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. बरे न झालेले तीन जण गावभर सांगत फिरत नाहीत.

त्या तिघांसाठी काय करता येतं? स्कॉटलंडमध्ये सुमारे ५०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २००७ मध्ये याचं उत्तर दिलं. लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं दहा दिवस दिलं. तीन महिन्यांनी ते घेतलेल्यांपैकी ८३ टक्के पूर्ण बरे होते. न घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४ आणि ८२. एवढ्या साध्या, स्वस्त गोळीने एवढा फरक पडणं ही छोटी गोष्ट नाही. काही डॉक्टर रोज ६० मिलिग्रॅम पाच दिवस आणि मग रोज दहाने कमी करत नेतात. दोन्ही पद्धती चालतात.

‘स्टिरॉइड’ शब्द ऐकला की लोक दचकतात. वर्षभर घेतलेलं स्टिरॉइड वेगळं आणि दहा दिवसांचा कोर्स वेगळा. मात्र गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, कारण डॉक्टरांना काही गोष्टी सांगणं भाग आहे: मधुमेह, बीपी, पोटातला अल्सर, टीबी झालेला किंवा चालू असलेला, कावीळ बी, गर्भारपण. मधुमेह आहे म्हणून गोळी नाकारायची नाही. त्या दहा दिवसांत साखर रोज तपासायची आणि गरज पडली तर इन्सुलिन किंवा औषधाचा डोस वाढवून घ्यायचा. गोळी नाश्त्यानंतर घ्या. सोबत डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आणि मधुमेह नाही असं समजणाऱ्यांनीही या निमित्ताने साखर तपासावी.

विषाणूविरोधी गोळ्या, म्हणजे असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर, एकट्या उपयोगाच्या नाहीत. लकवा फार तीव्र असेल तर स्टिरॉइडच्या जोडीला डॉक्टर देतात. फायदा झाला तर थोडा होतो. कानातल्या नागिणीत मात्र त्या हव्याच. बी-१२ ची इंजेक्शनं सर्रास दिली जातात. घ्यायची तर घ्या, पण ती प्रेडनिसोलोनची जागा घेत नाहीत.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात स्टिरॉइडने महिनाभरात ठळक फरक दिसला नाही, आणि सहा महिन्यांत गोळी घेणारी व न घेणारी बहुतेक सगळी मुलं बरी झाली. निर्णय बालरोगतज्ज्ञांवर सोडावा.

राजस्थानातलं बुटाटी धाम लकव्यासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातूनही माणसं तिथे जातात आणि सात दिवस मुक्काम करतात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त जाण्याआधी गोळ्या सुरू करा आणि सोबत ठेवा. त्या सात दिवसांत गोळ्या सुरू करण्याची ७२ तासांची मुदत उलटून गेलेली असते.

साध्या बेल्स पाल्सीत पहिल्याच आठवड्यात एमआरआय लागत नाही. चित्र वेगळं वाटलं तरच तो करतात.

डोळा

नस परत येईल. बुबुळावर पडलेलं फूल परत जाईल याची खात्री नाही. म्हणून या भागावर मी पेशंटशी सगळ्यांत जास्त वेळ बोलतो.

माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो आणि दर वेळी बुबुळावर ओल पसरते. हे थांबलं की बुबुळ सुकतं, खरचटतं, त्यावर जखम होते. डोळ्यातून पाणी वाहतंय म्हणजे तो ओला आहे असं समजू नका. खालची पापणी सैल पडल्याने पाणी बाहेर ओघळतं, बुबुळ कोरडंच राहतं.

दिवसा कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे, म्हणजे ‘कृत्रिम अश्रूं’चे थेंब जागेपणी दर एक-दोन तासांनी घाला. इतक्या वेळा घालायचे असल्याने प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. बाहेर पडताना बाजूंनीही झाकणारा गॉगल लावा. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. चुलीच्या धुरापासून, गिरणीतल्या पिठापासून आणि थ्रेशरच्या भुशापासून लांब राहा. मध, गुलाबपाणी, काजळ, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

रात्रीचा विधी असा. झोपायच्या आधी खालची पापणी ओढून आत वंगणाचं मलम किंवा जेल घाला, तांदळाच्या दाण्याएवढं. नजर थोडी अंधूक होईल, ते चालतं. मग स्वच्छ कापसाने पापण्यांची बाहेरची कातडी कोरडी पुसा. हे न पुसल्यामुळेच बहुतेकांची पट्टी मध्यरात्री निघते. आता पेशंटला खाली बघायला सांगा आणि बोटाच्या पाठीने वरची पापणी हलकेच खाली आणा. पापणीचे केस बाहेरच्या दिशेला आहेत ना, ते बघा. कागदी मायक्रोपोर पट्टीचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा वरच्या पापणीवरून तिरका खाली गालाच्या हाडापर्यंत लावा. टॉर्च मारून बघा: फट दिसत असेल तर काढून पुन्हा लावा. सकाळी पट्टी ओल्या कापसाने भिजवून काढा. आणि पंख्याचा झोत थेट तोंडावर येणार नाही अशी उशी फिरवा.

डोळा न मिटवता वरून नुसता कापसाचा बोळा किंवा पॅच ठेवणं धोक्याचं. आतमध्ये पापणी उघडते आणि बोळा बुबुळावर घासत राहतो.

डोळा लाल झाला, टोचायला लागला, उजेड सहन होईना, नजर कमी झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, यातलं एकही लक्षण दिसलं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते हिरवा-पिवळा रंग घालून ओरखडा आहे का बघतात. डोळा मधुमेही माणसाचा असेल, किंवा बुबुळाला कापसाचं टोक लागलेलंही कळत नसेल, तर काहीही दुखत नसतानाही एकदा दाखवून या.

वाट बघण्याचे आठवडे

पहिले दोन-तीन आठवडे चेहरा लुळा असताना व्यायामाने नस लवकर येत नाही. नस स्वतःच्या गतीने येते. इथे करंटचा प्रश्न निघतो आणि माझ्या व्यवसायातल्या काहींना माझं मत आवडणार नाही. चेहऱ्याला विजेचे झटके देऊन बेल्स पाल्सी जास्त बरी होते, असं आजवरच्या अभ्यासांतून दाखवता आलेलं नाही. नको त्या स्नायूंना एकदम आकुंचन पावायची सवय लागते, अशी भीतीही अनेकांना वाटते. म्हणून ‘दहा सीटिंगचं पॅकेज’ घेण्याआधी ते पैसे डोळ्याच्या थेंबांना ठेवा.

फुगे फुगवणं आणि च्युइंगम चघळणं हे दोन्ही सल्ले पिढ्यान् पिढ्या दिले जातात. फुगा फुगवताना निरोगी बाजूच सगळा जोर लावते आणि लुळा गाल आणखी ताणला जातो. च्युइंगम चघळणारे स्नायू तर वेगळ्याच नसेवर चालतात. त्यांना काही झालेलंच नाही.

मग करायचं काय? दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं हलकं मालीश. लुळ्या बाजूला ओठाच्या कोपऱ्याकडून कानाकडे, वर उचलल्यासारखं. निरोगी बाजू एकटी ओढून ओढून आवळलेली असते, तिथे अंगठा गालाच्या आत आणि बोट बाहेर धरून ती सैल करायची. बोलताना-हसताना निरोगी बाजूवर बोट ठेवून तिला जरा आवरायचं. जेवताना घास लहान घ्या, निरोगी बाजूने चावा. लुळ्या गालात भात आणि भाकरीचे कण साठतात आणि कळत नाही. जेवण झाल्यावर बोट फिरवून काढा आणि चूळ भरा, नाहीतर दात किडतात.

लोक या काळात घरात कोंडून घेतात, पदराने तोंड झाकतात, लग्नाला जात नाहीत. घरच्यांनी दर तासाला ‘फरक पडला का’ विचारणं बंद केलं तरी पुष्कळ होतं. आठवड्यातून एकदा व्हिडिओ घ्या आणि पहिल्याशी ताडून बघा. डेन्मार्कच्या त्या रुग्णांत ८५ टक्के लोकांना तीन आठवड्यांत हालचालीची पहिली चाहूल लागली होती.

हालचाल परतू लागली की

आता व्यायाम. जोर लावून तोंड वेडंवाकडं करणं म्हणजे व्यायाम नव्हे. दोन्ही बाजू सारख्या दिसतील एवढीच हालचाल करायची, मग ती दोन मिलिमीटरची का असेना. आरसा समोर, खांदे सैल, एक हालचाल पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. चेहरा थकला की थांबायचं.

भुवया अलगद वर. नाक थोडं आक्रसणं. ओठ मिटून छोटं हसू. निरोगी बाजू पुढे धावली तर बोटाने थांबवा. ओठांचा चंबू करून ‘ऊ’, मग ‘ई’, मग सावकाश ‘प… ब… म’. डोळ्यासाठी: आधी नजर गुडघ्यांकडे खाली न्या, मग पापणी सोडून द्या. सरळ समोर बघत डोळा गच्च मिटायला गेलात तर गाल आणि ओठही सोबत वर येतात, आणि हीच सवय पुढे त्रास देते.

तो त्रास म्हणजे सिनकायनेसिस. नस फार दुखावली असेल तर तिचे धागे दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने नव्याने वाढतात, आणि काही चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले जातात. पंख्याचं बटण दाबावं आणि दिवा लागावा तसं होतं. हसलं की डोळा बारीक होतो, डोळा मिटला की ओठ ओढला जातो, काहींना जेवताना त्या डोळ्यातून पाणी येतं. हे चौथ्या महिन्याच्या आसपास दिसू लागतं. इथे जास्त जोराचा व्यायाम उलटा पडतो. आरशासमोर डोळा उघडा ठेवून अगदी लहान हसू, आवळलेल्या जागी मालीश, आणि गरज पडली तर जाणकार डॉक्टरांकडून स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची छोटी इंजेक्शनं. त्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि पुन्हा घ्यावी लागतात. चेहऱ्याच्या पुनर्वसनाचं खास प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट या टप्प्यावर शोधा. त्याचा खरा उपयोग इथेच होतो.

तीन महिने झाले आणि काहीच हललं नाही

हा थांबून बघण्याचा काळ नाही. तीन महिन्यांत जराही हालचाल नसेल तर निदान पुन्हा तपासायचं, कारण बेल्स पाल्सीत इतक्या दिवसांत बहुतेकदा काहीतरी परत येतं. एमआरआय, कानापुढच्या ग्रंथीची तपासणी, स्नायूंची ईएमजी नावाची विजेची तपासणी हे सगळं आता. नस किती मेली आहे हे दाखवणारी आणखी एक विजेची तपासणी असते, पण ती लकव्यानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात केली तरच अर्थपूर्ण ठरते आणि लागते ती फक्त पूर्ण लुळ्या चेहऱ्यांना.

डोळा मिटतच नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं छोटं वजन बसवतात. पापणी आपल्या भाराने खाली येते. काही वेळा पापण्यांची कड थोडी शिवतात. हसू परत आणण्यासाठी चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडणं, पायातली नस काढून निरोगी बाजूकडून लुळ्या बाजूला नेणं, किंवा मांडीचा स्नायू गालात बसवणं अशा शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन करतात. पण गालातले मूळ स्नायू नसेशिवाय साधारण वर्ष-दीड वर्षच जिवंत राहतात. नस जोडण्याचा विचार असेल तर सर्जनची पहिली भेट सहाव्या महिन्याच्या आसपास व्हायला हवी, दोन वर्षांनी नाही.

काच किंवा कोयत्याने गाल कापून तोंड वाकडं झालं असेल, तर ती वेगळीच घाई. नसेच्या कापलेल्या पुढच्या टोकाला विजेचा स्पर्श केला की तीन दिवसांपर्यंत स्नायू हलतात, त्यामुळे ते टोक शोधून जोडणं सोपं जातं. जखम नुसती शिवून घरी येऊ नका. ‘नस तपासली का’ असं विचारा.

बरं झाल्यावर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात सातेक. दुसऱ्यांदा झालं तरी तोच क्रम: कपाळ, हात, बोलणं, कान, मग गोळ्या आणि डोळा. फक्त ते त्याच बाजूला झालं असेल तर एमआरआय करून घ्या.